गडी सारखे झालेत

"मग मधली सुट्टीच बंद केली तर, गुरुजी?"

दमयंतीबाईंनी हे विचारलं तेव्हा सिद्राम गुरुजी मठाच्या ओट्यावर चिंचा फोडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. चिंचोका एका बाजूला टाकला आणि पुढची चिंच उचलली.

"कर की. आणि खेळायचं कधी पोरांनी?"

"खेळूच नये. वीस मिनिटांत खिचडी खायची, ताटं धुवायची, वर्गात बसायचं. खेळ नाही म्हणजे भांडण नाही."

बाई काही साध्यासुध्या नव्हत्या. ओढ्याअलीकडच्या त्या चार खोल्यांच्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून आल्या आणि दोन वर्षांत त्यांनी शाळा सुतासारखी सरळ केली. पुरस्कार मिळाला, तालुक्याला सत्कार झाला. अडलं होतं ते फक्त मधल्या सुट्टीपाशी. तिथं त्यांचं काही चालत नव्हतं, आणि ते त्यांच्या जिवाला लागलं होतं.

त्यांनी पिशवीतून वही काढली.

"हे बघा. सतरा नियम केलेत. मैदानावर चुन्याचे चौकोन आखलेत, प्रत्येक वर्गानं आपल्या चौकोनात खेळायचं. भांडणाची नोंद होते. आणि शिट्टी तर सदा माझ्या गळ्यात असते."

"मग?"

"मग काय! तिसरीतली कस्तुरा. बीडकडची, ऊसतोडीच्या टोळीबरोबर आलेली. रोज कुणाला तरी मारते. परवा चिन्मयच्या दंडाला चावली, रक्त आलं. त्याचे वडील शाळा समितीत आहेत. ते म्हणतात, पोरीला कारखान्यावरच्या शाळेत धाडा. पत्र तयार आहे, माझी सही तेवढी राहिलीय."

"कारखान्यावर शाळा भरते?"

बाईंनी वही मिटली.

"कागदावर भरते."

गुरुजींनी चिंच खाली ठेवली. याच शाळेत त्यांनी दमयंतीला बाराखडी गिरवायला लावली होती. तिच्या नाकावरचा राग त्यांना तिच्यापेक्षा जास्त ओळखीचा होता.

"दमू, सुट्टीत तू कुठं असतेस?"

"ऑफिसच्या पायरीवर. तिथून सगळं मैदान दिसतं."

"ऐकू काय येतं?"

बाईंनी नकळत गळ्यातली शिट्टी चाचपली.

"आण ती शिट्टी इकडं."

बाईंनी गळ्यातून शिट्टी काढून दिली. गुरुजींनी ती चिंचोक्यांच्या टोपलीत टाकली.

"आता मैदानात जा. म्हणावं, मला खेळायला घ्या."

"मी? अहो, अठ्ठेचाळीस वर्षांची बाई मी! पोरं काय म्हणतील?"

"तेच ऐकून ये."

बाई तणतणत घरी गेल्या. म्हातारपणी बुद्धी नाठी म्हणतात ते खोटं नाही, असंही वाटेत एकदा मनात आलं. पण गुरुजींचा शब्द त्यांनी कधी खाली पडू दिला नव्हता.

सोमवारी सुट्टी झाली. बाई पायरी उतरून तिसरीच्या चौकोनात गेल्या. तिथं लगोरीसाठी गडी वाटून घेणं चाललं होतं. दोन कॅप्टन समोर उभे. बाकीची पोरं दोघंदोघं बाजूला जायची, कानात कुजबुजून एकेक खोटं नाव घ्यायची आणि एकमेकांच्या गळ्यात हात टाकून कॅप्टनपुढं यायची. "पेरू पाहिजे का चिक्कू?" एकानं पेरू मागायचा, उरलेला चिक्कू दुसऱ्याचा. बाई स्वतः लहानपणी अशाच खेळल्या होत्या, पण त्याला चाळीस वर्षं होऊन गेली होती.

"मला घेता का रे?" बाईंनी विचारलं.

पोरांनी एकमेकांकडं पाहिलं, कुणी जमिनीकडं पाहिलं. मग हळूच एकजण सटकला, मागोमाग दुसरा, आणि बाई चुन्याच्या चौकोनात एकट्या उभ्या राहिल्या. सुट्टी इतकी लांबलचक असते हे त्यांना त्या दिवशी कळलं.

मंगळवारी पोरं थोडी धीट झाली. एका कॅप्टननं गोड आवाजात सांगितलं, "बाई, गडी सारखे झालेत."

म्हणजे तुम्हाला जागा नाही. बोलण्यात उद्धटपणा काही नव्हता, तरी बाईंना ते असं झोंबलं की त्या दिवशी घरी त्यांना जेवण गोड लागलं नाही.

बुधवारी त्या विचारायलाच गेल्या नाहीत. कडेला पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. तिथं आधीच कुणीतरी होतं. कस्तुरा. मुठीत दगड घट्ट धरलेला.

बाईंचा हात सवयीनं गळ्याशी गेला. शिट्टी नव्हती.

"तुमाला बी घेतलं नाय का?" कस्तुरानं विचारलं.

"नाही गं."

"गडी सारखे झालेत म्हन्ले आस्तील."

"...तुला पण असंच म्हणतात?"

"रोज म्हंतेत. जोडीनं यायचं आस्तंय ना. मला जोडीच नाय."

"मग तू काय करतेस?"

"मंग मी मारते."

"अगं, मारून काय मिळतं?"

कस्तुरानं बाईंकडं नीट पाहिलं. एवढं साधं बाईंना कसं कळत नाही, असं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

"मारलं का समदे माज्या मागं पळतेत," ती म्हणाली. "पळायला तर मिळतंय."

भांडणाच्या वहीत कस्तुराच्या नावापुढं एकतीस नोंदी होत्या, आणि प्रत्येक नोंद बाईंनी आपल्या वळणदार अक्षरात केली होती. ती पोरगी एकतीस वेळा खेळायला मागत होती. पायरीवरून ते ऐकू आलं नव्हतं.

त्यांनी डोळे पुसले आणि खाली वाकून विचारलं, "माझी जोडी होतेस?"

कस्तुराच्या हातातला दगड गळून पडला. तिनं बाईंच्या कानाला तोंड लावून काहीतरी सांगितलं. मग त्या दोघी निघाल्या. कस्तुराचा हात बाईंच्या गळ्यापर्यंत पुरेना, म्हणून बाई कमरेत वाकून चालत होत्या. आख्खं मैदान आ वासून बघत राहिलं.

"कोयता पाहिजे का खडू?" कस्तुरा ओरडली.

कॅप्टन गांगरला. दंडाला पट्टी बांधलेला चिन्मयच आज कॅप्टन होता. त्यानं डोकं खाजवलं.

"कोयता!"

"मी कोयता!" कस्तुरानं जागच्या जागी उडी मारली. शाळेत आल्यापासून पहिल्यांदा तिला कुणीतरी मागून घेतलं होतं.

दुसऱ्या कॅप्टनच्या वाट्याला खडू आला. त्याचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं.

आठाचे पंधरा दिवस झाले तरी बाई मठाकडं फिरकल्या नाहीत. आल्या त्या तिसऱ्या रविवारी. टाचेला फोड आला होता, साडीच्या काठाला चुना लागला होता.

"काय दमू? सुट्टी बंद केलीस का?"

"दहा मिनिटं वाढवली. चौकोन पुसून टाकले."

"आणि पत्र?"

"समितीपुढं ठेवलंच नाही. चिन्मयचे वडील तावातावानं आले होते. पण पोरगं रोज घरी कस्तुराच्या नेमाचं कौतुक सांगतंय. गोफणीनं जोंधळ्यावरची पाखरं हाकून हात बसलाय तिचा, पहिल्याच फेकीत लगोरी फोडते. ती आपल्या बाजूला पाहिजे म्हणून तो आता हटून बसतो. मग वडील तरी काय बोलणार?"

"भांडणं?"

"होतात. कट्टी होते, बट्टी होते. चावलं मात्र कुणी नाही."

गुरुजी पुन्हा चिंचांकडं वळले. पण बाई उठेनात. तोंडावर आनंद होता, आणि त्याच्या आत काहीतरी टोचत होतं.

"बोल," गुरुजी म्हणाले.

"काल सुट्टीत मी नेहमीसारखी गेले. तिला म्हटलं, चल गं, आज काय नावं घ्यायची? तर ती चिन्मयच्या चुलत बहिणीच्या गळ्यात हात टाकून उभी होती. मला म्हणाली..."

बाई हसायला गेल्या आणि त्यांना रडू आलं.

"म्हणाली, 'बाई, गडी सारखे झालेत.' आणि पळाली."

गुरुजींनी चिंचा बाजूला सारल्या.

"मग मी जाऊन पायरीवर बसले, गुरुजी. आता तिथूनही ऐकू येतं."

गुरुजींनी चिंचोक्यांच्या टोपलीत हात घातला. चाचपून शिट्टी काढली, धोतराच्या सोग्याला पुसली आणि बाईंच्या तळहातावर ठेवली.

"घे. आता वाजवलीस तरी चालेल."