सावली पडली की मुळाखाली

ही गोष्ट फार जुनी आहे म्हणतात. असेल बुवा! मला मात्र ती अजून चालूच आहे असं वाटतं. एका डोंगराच्या पायथ्याशी एक डोह होता आणि त्या डोहात छोट्या मासोळ्यांची मोठी झुंड राहायची.

काठावरच्या उंबराची मुळं पाण्यात उतरली होती. झुंडीतली म्हातारी मासोळी प्रत्येक पिल्लाला पहिला धडा हाच द्यायची, "सावली पडली की मुळाखाली! घार असो, खंड्या असो, विचार करत बसायचं नाही." पिल्लं शिकायची. शिकायची म्हणजे काय, पुढची पळाली की मागची पळायची. तेवढ्यावर कितीतरी जणी जगल्या, हेही खरं.

एका उन्हाळ्यात डोहाचं पाणी ओसरलं आणि एक राखी बगळा मुळांशेजारी येऊन उभा राहिला. त्याचे पाय पाण्यातून पाहिले तर मुळांसारखेच दिसायचे. मेला भारी हुशार! तो नुसते पंख पसरायचा. सावली पडली की सगळी झुंड धावत मुळाखाली शिरायची, आणि हा मान वाकवून निवडून निवडून खायचा.

"मावशी कुठे गं दिसत नाही?" एखादं पिल्लू विचारायचं.

"गप्प! मुळाजवळ राहा," उत्तर यायचं. भीती सगळ्यांनाच वाटत होती, पण बोलायचं कुणी?

झुंडीत एक भित्री मासोळी होती. वाळकं पान पडलं तरी दचकायची. गर्दीचीसुद्धा भीती, म्हणून ती मुळाखाली सगळ्यात शेवटी, कडेकडेने शिरायची. त्यामुळेच एकदा तिला दिसलं. चोच आली आणि शेजारची मैत्रीण गेली. त्यानंतर ती रोज बघत राहिली. चुकून उघड्यावर राहिलेलं कुणी जात नव्हतं, जात होत्या त्या मुळाखालच्याच.

तिने थरथरत म्हातारीला सांगितलं. म्हातारी हसली. "अगं, पानाला घाबरणारी तू, आम्हाला शिकवणार होय?" सगळ्या हसल्या. पुन्हा सावली पडली तेव्हा सगळ्यांबरोबर भित्रीही मुळाकडेच पळाली. माहीत असूनसुद्धा! सगळ्या एकीकडे पळत असताना एकटीने थांबणं सोपं नसतं हो.

त्याच झुंडीत एक धीट मासोळी होती. दिसेल तिथे तोंड खुपसायची. दोन खडकांमधली एक फट तिने शोधली होती. फटीपलीकडे दुसरा डोह, खोल आणि गार. "चला गं!" म्हणायची आणि सुळकन नाहीशी व्हायची. कुठून गेली तेच कुणाला कळायचं नाही. "तिचं सोडा, तिला जिवाची पर्वाच नाही," बाकीच्या म्हणायच्या.

भित्री तिच्याकडे गेली. "ताई, मला दाखवशील? पण हळू."

"हळू कशाला? घुसायचं आणि निघायचं!"

"मला भीती वाटते गं."

धीट मासोळी वैतागली, पण आयुष्यात पहिल्यांदा हळू पोहली. अंग कुठे चोरायचं, खाली कुठे वळायचं, सगळं भित्रीने पाहून घेतलं. पलीकडे पोहोचून भित्री परत फिरली, कारण तिची धाकटी बहीण अजून मुळापाशीच होती.

आणि सावली पडली. धाकटी मुळाकडे वळली.

"धाकटे! माझ्यामागे ये!" भित्री किंचाळली. तिचं सगळं अंग मुळाकडे ओढ घेत होतं. तरी ती फटीकडे निघाली, कापत कापत. धाकटी मागे वळली. ते बघून एक थबकली, मग दुसरी. "अगं, ती जातेय म्हणजे जाता येत असणार!" भित्री इतकी सावकाश चालली होती की वाट सगळ्यांना दिसत होती. एकामागून एक सगळ्या फटीत शिरल्या.

म्हातारी ओरडत राहिली, "मुळाखाली! अगं, मुळाखाली!" त्या दिवशी मुळाखाली ती एकटीच होती. बगळ्याला निवडावं लागलं नाही.

नव्या डोहात सगळ्या सुखात राहू लागल्या. मग एका दुपारी पाण्यावर सावली पडली.

"फटीत! सावली पडली की फटीत!" धाकटी ओरडली आणि सगळी पिल्लं तिच्यामागे फटीकडे सुटली. फटीपलीकडे बगळा उभा होता.

भित्रीने जीव खाऊन पुढे धाव घेतली आणि फटीचं तोंड अडवलं. "हे कुणी शिकवलं तुला?"

"तूच की!" धाकटी म्हणाली.

भित्रीला म्हातारीचं ‘मुळाखाली!’ आठवलं. एवढी भीती तिला बगळ्याचीही वाटली नव्हती. "वर बघ," ती कशीबशी म्हणाली. धाकटीने वर पाहिलं. एक ढग चालला होता.

आता तात्पर्य सांगितल्याशिवाय तुम्ही मला सोडणार नाही, म्हणून सांगते: पुढचीची शेपूट धरून जीव वाचतो तसा जातोही, तेव्हा पळण्याआधी सावली कुणाची आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.