नाव वगळून वाचलेले परिचयपत्र

एकदा एका व्यापाऱ्याने घाटापलीकडच्या अरण्यात साग तोडण्याचा मोठा मक्ता घेतला. पुष्कळ माणसे बायकामुलांसह तिथे राहायला जाणार होती, आणि त्या मुलखात दूरदूरपर्यंत कुणी वैद्य नव्हता. म्हणून त्याने नदीकाठच्या गावातील एका वृद्ध वैद्यांकडे निरोप धाडला : 'आपल्याकडे शिकून तयार झालेला कुणी असेल, तर त्याने आपले परिचयपत्र स्वतः लिहून मला आणून द्यावे. आपली मोहोर त्यावर असावी. वाचून मी काय ते ठरवीन.'

त्या वर्षी विद्या पुरी करून बाहेर पडणारा एकच शिष्य होता. हुशार होता, कष्टाळूही होता. ही जागा मिळाली नाही तर थोरल्या भावाच्या दुकानात तराजू धरून बसावे लागणार आणि इतक्या वर्षांची विद्या मातीत जाणार, हे त्याला पक्के ठाऊक होते. त्यामुळे निरोप आल्यापासून त्याच्या जिवाला चैन नव्हते.

आता, वैद्यांच्या त्या आश्रमात एक चाल पडून गेली होती. फार पूर्वी कुणा शब्दप्रभू शिष्याने स्वतःचे परिचयपत्र असे काही झोकात लिहिले होते, की त्याच्या मागून आलेल्या प्रत्येकाने तेच उतरवून घ्यावे आणि त्यात नाव तेवढे आपले घालावे. 'सकल रोगांचा निष्णात ज्ञाता, नाडीपरीक्षेत अद्वितीय, असाध्य ज्वरांचे निर्दालन करणारा, सर्व चिकित्सांत पारंगत, अहोरात्र सेवातत्पर' असा तो मजकूर होता. हे खोटे आहे असे कुणाला वाटत नसे. लग्नपत्रिकेत जसा ठरलेला मजकूर असतो, तसा हा. सगळे मिळून जे खोटे बोलतात त्याला खोटे म्हणायची पद्धत आपल्याकडे नाहीच.

शिष्यानेही तेच केले. अक्षर मात्र सुंदर काढले आणि कागद गुरुजींपुढे मोहोरेसाठी ठेवला.

गुरुजींनी तो वाचला. कागदाची घडी करून त्यांनी ती शिष्याच्या हाती परत दिली आणि काठी उचलली.

"चल."

"कुठं, गुरुजी?"

"बुरूडआळीत."

शिष्याचा चेहरा उतरला. बुरूडआळी त्याने गेले वर्षभर टाळली होती. तिथे येसू नावाची एक पोर राहत असे, आणि मागच्या साथीत ती तापाने गेली होती. गुरुजी तेव्हा शेजारच्या गावी होते. इथले रोगी शिष्यावर सोपवलेले होते. येसूची लक्षणे बदलली, ती बरळू लागली, तेव्हाच गुरुजींना बोलावून घ्यावे असे त्याच्या मनात आले होते. पण गाव पहिल्यांदाच आपल्या हाती आलेले, आणि लगेच हाका मारायच्या? लोक काय म्हणतील? तो थांबला. गुरुजींना निरोप गेला तेव्हा उशीर झाला होता. गुरुजींना हे सारे ठाऊक होते. त्यांनी ते कधी बोलून दाखवले नव्हते, इतकेच.

येसूची आई अंगणात बसून बांबूच्या कांबी काढीत होती. वैद्यांना पाहून ती उठू लागली.

"बस, बस. या पोराला एक कागद वाचायचाय, तेवढा ऐक. घाटापलीकडं माणसं जाणार आहेत, त्यांच्यासाठी वैद्य निवडायचाय. तुला काय वाटतं ते सांग." मग शिष्याकडे वळून ते म्हणाले, "नाव वगळून वाच."

शिष्याने गुरुजींकडे पाहिले. गुरुजी अंगणाकडे पाहत होते. नाइलाजाने त्याने वाचायला सुरुवात केली. एरवी घोटून पाठ झालेले ते शब्द त्याच्या जिभेला जड जाऊ लागले. 'असाध्य ज्वरांचे निर्दालन करणारा' यापाशी येऊन तो अडखळला.

"म्हंजी काय वो?" तिने विचारले.

"म्हणजे," गुरुजी म्हणाले, "कसलाही ताप असो, हा वैद्य बरा करतो."

तिच्या हातातला कोयता थांबला. "कसला बी?"

"असं लिहिलंय खरं."

तिने त्या कागदाकडे पाहिले. मग म्हणाली, "मागल्या साथीला कुठं हुते वो हे वैद्य? आमाला कुनी सांगितलं का न्हाई? म्या पायी जाऊन पाय धरलं आसतं." आणि शिष्याचा पांढरा पडलेला चेहरा पाहून, आपल्या बोलण्याचे त्याला वाईट वाटले असे समजून, ती माउली घाईने म्हणाली, "तुमास्नी बोल न्हाई लावत, दादा. तुमी लई केलं माज्या येसूसाठी. पन आसा मानूस मिळाला आसता तर पोर वाचली आसती, न्हवं?"

मला हा प्रसंग सांगताना दर वेळी त्या शिष्याची दया येते, आणि दर वेळी वाटते, की दया यायला नको. त्याने तो कागद खाली ठेवला.

"हा वैद्य मीच आहे," तो म्हणाला.

तिला कळेना. तिने गुरुजींकडे पाहिले, पुन्हा त्याच्याकडे पाहिले. "तुमी? मंग त्या वक्ताला काय झालं?"

"मला ताप उतरवता येत नव्हता. गुरुजींना बोलवायला हवं होतं. मला कळत होतं, तरी मी उशीर केला. माझी लाज जाईल म्हणून."

कोयता कांबींवर ठेवून ती उठली, घरात गेली आणि आतून तिने कडी लावली. मग गुरुजी चालू लागले आणि शिष्य त्यांच्या मागे निघाला.

नदीच्या घाटाच्या पायऱ्यांवर बसल्यावर शिष्याला हुंदका आवरेना. "मला हेच कळायला हवं होतं, तर तुम्ही आश्रमातच सांगायचं होतं, गुरुजी. त्या बाईला पुन्हा कशाला मारलंत?"

"ते पाप माझ्याकडं राहू दे," वृद्ध म्हणाले. "आश्रमात सांगितलं असतं तर तू दोन विशेषणं गाळली असतीस आणि माझ्याकडून मोहोर घेऊन गेला असतास. अरे, परिचयपत्र म्हणजे आपली आरती नव्हे. जो माणूस तुला ओळखत नाही तो त्या कागदावर विसंबून माणसांचे जीव तुझ्या हाती देणार असतो. तुझ्या कागदात एकही रोगी नाही. रोगी नाही तिथं वैद्य कुठून दिसणार?"

"मग मी लिहू तरी काय? मी आत्ता कुठं शिकून निघतोय. माझ्या गाठीला आहे काय?"

"साथीत काय करत होतास?"

"काय करणार? पेज पाजत होतो. जखमा धूत होतो. कुणाला काय दिलं, कुणाचा ताप कधी चढला, ते रोज ध्यानात ठेवत होतो. तेवढं तर कुणीही करतं."

"कुणीही करत नाही. निम्मे लोक पळून गेले होते त्या साथीत. तू राहिलास. ते तुला सांगण्याजोगं वाटलं नाही, आणि दुसऱ्या कुणाचं मोठेपण अंगात घालून निघालास. जे केलंस ते लिही, त्याचं काय झालं ते लिही. येत नाही तेही लिही. थोडं असेल तर थोडं लिही. तरुण माणसाचं थोडंच असतं, त्यात लाजायचं काय?"

शिष्याने नवा कागद घेतला. या खेपेस अक्षर तितके सुंदर आले नाही. त्याने लिहिले, की साथीत गाव न सोडता त्याने रोग्यांची शुश्रूषा केली. जखमा धुणे, हाड बसवणे, काढे करणे त्याला नीट येते. येसू नावाची मुलगी त्याच्या उपचारात असताना गेली, कारण त्याने गुरूंना बोलावण्यात उशीर केला; आता तो वेळेवर मदत मागतो. प्रसूतीचे काम त्याने केवळ दुरून पाहिले आहे, ते त्याला येत नाही. गुरुजींनी वाचले आणि मोहोर उठवली.

व्यापाऱ्याने तो कागद उभ्याउभ्याच वाचायला घेतला आणि मग खाली बसला. येसूच्या ओळीवर तो थांबला. शेवटची ओळ वाचून त्याने मान वर केली.

"बाळंतपण येत नाही?"

"नाही."

आता जागा गेली, असे शिष्याला वाटले. भावाच्या दुकानातला तराजू त्याला डोळ्यांपुढे दिसू लागला.

व्यापाऱ्याने आपल्या मुनिमाला हाक मारली. "निघणं पुढं ढकला. आधी एखादी जाणती सुईण शोधून आणा. तांड्यात दोघी जणी दिवस भरत आलेल्या आहेत, आणि मी वैद्य येतोय या भरवशावर त्यांना नेणार होतो." मग शिष्याकडे वळून तो साध्या आवाजात म्हणाला, "तुम्हीही चला. बरं झालं लिहिलंत."

शिष्याने होकारार्थी मान हलवली. व्यापाऱ्याच्या अंगणात सामान बांधणाऱ्या बायकांत त्या दोघी कोणत्या, हे त्याला एका नजरेत ओळखू आले. एक जण कमरेवर हात टेकून कशाला तरी हसत होती. सर्व चिकित्सांत पारंगत असलेला तो पहिल्या कागदातला वैद्य तिच्याबरोबर अरण्यात गेला असता तर काय झाले असते, याचा त्याने विचार केला आणि सुईण शोधायला निघालेल्या मुनिमाबरोबर तोही चालू लागला.

पदवी हाती घेऊन पहिला अर्ज लिहायला बसलेल्यांनी एवढे करावे : लिहून झाल्यावर आपले नाव वगळून तो एकदा मोठ्याने वाचावा, आणि या माणसाच्या भरवशावर आपण आपले कुणाला सोडू का, ते स्वतःला विचारावे.