पडद्यावरचा नारळ

जांभूळवाडीच्या शाळेत डिजिटल फळा आला आणि त्याच्या उद्घाटनाला गटशिक्षणाधिकारी टेकाळेसाहेब आले. टेबलावर चिंचोक्यांचा डबा दिसताच त्यांनी नाक मुरडलं. "बाई, हा पसारा फेकून द्या. आता बेरीज-वजाबाकी सगळी पडद्यावर!"

नवा फळा ढोबळेबाईंनाही हवाच होता. पण चिंचोके हाताळल्याशिवाय पहिलीच्या पोरांना बेरीज उमगत नसे. तरी त्या गोड हसून म्हणाल्या, "बरं साहेब. आधी उद्घाटन तर करू."

साहेबांनी नारळासाठी हात पुढे केला. बाईंनी बटण दाबलं. पडद्यावर नारळ आला, फटकन फुटला, पाणीसुद्धा उडालं. पोरांनी टाळ्या पिटल्या.

"झालं उद्घाटन!" बाई म्हणाल्या.

"अहो, आणि प्रसाद?"

"हे काय, समोर खोबरं दिसतंय की. घ्या ना!"

"नुसतं बघून तोंडात थोडंच पडणार आहे?" साहेब वैतागले.

"मग नुसतं बघून पोरांच्या डोक्यात बेरीज तरी कशी शिरणार, साहेब?"

साहेबांनी चिंचोक्यांचा डबा उचलून नव्या फळ्याखाली मांडला. तेव्हा कुठे बाईंनी पिशवीतून खरा नारळ काढला.