शंभूचं झबलं

"शेवटच्या घरी काय मिळालं?" आक्कांनी विचारलं.

यशोधन गप्प बसला.

गप्प बसणं त्याच्या स्वभावात नव्हतं. शहरात तो तरुण आईबापांची शिबिरं घ्यायचा. लेकराला नवं काही आणू नका, आणलेलं टाकू नका, एकाचे कपडे दुसऱ्याला द्या, खेळणी वाटून वापरा, डायपर सोडा, बाळोती शिवा… तो बोलायला लागला की ऐकणाऱ्यांच्या पिशवीतलं प्लास्टिकसुद्धा शरमेनं मान खाली घालायचं. माणूस वाईट नव्हता. बोलायचा तसं वागायचाही. फक्त आपण तसं वागतो हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

आज सकाळी तो टेकडीवरच्या या मठात आला होता तो आक्कांकडे दीक्षा मागायला. आक्का म्हाताऱ्या होत्या. अंगावर एक लुगडं, वाळत एक. रोज खालच्या गावात जाऊन दारोदार भाकरी मागायच्या, आणि पदरात पडेल ते खायच्या. इतक्या थोडक्यात जगणारं माणूस यशोधननं पाहिलं नव्हतं. त्यानं त्यांना आपल्या शिबिरांचं सगळं सांगितलं. महिन्यापूर्वी लेक झाली, तिच्यासाठी दुकानाची पायरी चढलो नाही, हेही सांगितलं.

आक्कांनी सगळं ऐकून घेतलं.

"खाली गावात जा," त्या म्हणाल्या. "लेकीसाठी एक जुनं कापड मागून आण."

"मागून?"

"का? देतोस ना लोकांना?"

"देतो की. पुष्कळांना दिलंय."

"मग आज माग."

त्याला ते जिवावर आलं होतं. देताना हात कसा सहज पुढे होतो. मागताना तोच हात खिशातून निघेना. पण गुरूची आज्ञा. गेला बिचारा.

आता ऊन कलायला आलं होतं आणि तो मठाच्या ओट्यावर आक्कांसमोर रिकाम्या हातांनी बसला होता.

"पहिल्या घरी चहा मिळाला," शेवटच्या घराचं टाळत तो म्हणाला. "जुनं कापड मागितलं तर त्या बाई हसायला लागल्या. पाहुण्याला जुनं कसं द्यायचं, म्हणाल्या. कोरा टॉवेल आणून पुढ्यात ठेवला."

"घेतलास?"

"नाही."

"मग?"

"पुढच्या घरी एका आजोबांनी पोलिसांनाच बोलवायचं ठरवलं. त्यांना वाटलं, मी भांडी देऊन जुने कपडे नेणाऱ्यांपैकी आहे आणि भांडी मात्र आणलेली नाहीत."

आक्का हसल्या. यशोधनही हसला. पण त्याचं हसू लगेच विरलं.

"शेवटच्या घरी…" आक्का म्हणाल्या.

"शेवटच्या घरी एक बाई होती. वैजंता नाव तिचं. माझ्याच वयाची असेल. मी मागितल्याबरोबर आत गेली. काही विचारलं नाही, हसली नाही. पेटी उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली ती गाठोडं घेऊनच. झबली, टोपडं, एक दुपटं. सगळं धुतलेलं, घडी घातलेलं. मला इतका आनंद झाला, आक्का! म्हटलं, माझं बोलणं न ऐकताच हिला सगळं कळलंय."

"मग?"

"झबलं हातात घेतलं. पांढरं, मऊ. माझ्या लेकीच्या बरोबर मापाचं. कुणाचं, म्हणून विचारलं. म्हणाली, माझ्या शंभूचं."

आक्का त्याच्याकडे बघत होत्या.

"मी म्हटलं, मोठा झाला असेल आता. कुठे आहे? तर म्हणाली, गेला."

"मला वाटलं, शाळेत," तो म्हणाला. "मी विचारलं, कुठे गेला?"

आपण काय विचारून बसलो हे त्याला तिथंच, तिच्या अंगणात कळलं होतं. तिनं नुसतं दुपटं सारखं केलं होतं. शेजारच्या म्हातारीनं कुंपणावरून सांगितलं, की ताप आला आणि दोन दिवसांत पोर हाती लागलं नाही. वर्षाचंही झालं नव्हतं.

"गाठोडं कुठे आहे?" आक्कांनी विचारलं.

"खाली."

"खाली म्हणजे?"

"टेकडीच्या पायथ्याशी पाण्याचा हापसा आहे ना… त्याच्या कट्ट्यावर ठेवलं."

"का?"

उत्तर त्याच्याजवळ होतं. लेक महिन्याची. झोपली की तिचा श्वास चालू आहे ना हे बघायला तो दहादा पाळण्यात वाकायचा. त्या पाळण्यात हे झबलं न्यायचं त्याला धाडस झालं नव्हतं.

"माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, आक्का," तो म्हणाला. "पण…"

"तुझी लेक कशावर निजते?"

"गोधडीवर. माझ्या आजीच्या लुगड्याची आहे. शिबिरात मी ती सगळ्यांना दाखवतो."

"आजी आहे?"

"नाही. ती गेल्यावर आईनं तिची लुगडी काढून शिवली."

"म्हणजे गेलेल्या माणसाचंच कापड."

"आजीचं वेगळं. ती पिकलं पान होती."

"आणि हे?"

यशोधननं मान खाली घातली. वाऱ्यानं आक्कांचं वाळत घातलेलं लुगडं फडफडत होतं.

एवढ्यात पायऱ्यांवर पावलं वाजली.

वैजंता होती. कपाळावर घाम, एका हातात सुईदोरा, दुसऱ्या हातात गाठोडं. यशोधनला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं.

तिनं आधी आक्कांना नमस्कार केला. मग त्याच्याकडे वळली.

"दादा, गठुडं खालीच ऱ्हायलं की तुमचं."

"हो… विसरलो."

"इसरतंय मानूस." ती ओट्याच्या कडेला टेकली. "झबल्याचा बंद तुटल्याला. तुमी गेल्यावर ध्यानात आलं. म्हनून सुई घिऊन मागनं आले, तर कट्ट्यावर दिसलं."

तिनं झबलं मांडीवर पसरलं आणि बंद शिवायला लागली. घाई नव्हती तिला. एकेक टाका घालून ती अंगठ्यानं दाबत होती, आत बाळ असावं अशा बेतानं.

यशोधनला ते बघवेना. शेकडो आईबापांपुढे छाती काढून बोलणारा हा माणूस, एका टाक्यापुढे त्याचं अवसान गळालं.

"ताई, मी विसरलो नव्हतो," तो म्हणाला. "मुद्दाम ठेवलं होतं."

सुई थांबली नाही.

"ठावं हाय मला."

"तुम्हाला राग नाही आला?"

"कशाचा राग करायचा? मागल्या साली बी एका बाईला दिलं हुतं. लई ग्वाड बोलली. दुसऱ्या दिशी वड्यात घावलं सगळं. म्या धुतलं आन् परत प्येटीत ठिवलं."

"मग तरी पुन्हा देता? का?"

तिनं झबल्याची बाही दोन बोटांनी वर उचलली आणि सोडून दिली. बाही निपचित खाली पडली.

"असं पडून ऱ्हातंय बघा," ती म्हणाली. "हलत न्हाई. त्यो अंगात असताना कसं सारखं हलायचं… पाय झाडायचा, हात उडवायचा. मला योकदा हे कुनाच्या तरी अंगावर हलताना बघायचंय. निस्तं लांबून. म्या लेकराला हात बी लावनार न्हाई."

यशोधनच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं दोन्ही हात पुढे केले. आज दिवसभरात पहिल्यांदा त्याचा हात मागायला आपणहून पुढे झाला.

"द्या ताई. मी नेतो."

वैजंतानं त्याच्या हातांकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे.

"घरात सांगाल न्हवं?"

"काय?"

"शंभूचं हाय म्हनून. वैनीस्नी सांगा. समदं सांगा. मग त्यास्नी घालू द्या लेकीला. चोरून नगं. माझं लेकरू काय चोर हुतं का, त्याचं नाव लपवायला?"

त्याचे हात तसेच राहिले.

बायकोचा, तृप्तीचा चेहरा त्याच्या डोळ्यांसमोर आला. बाळंतिणीच्या खोलीतला तो मंद उजेड, सासूबाईंनी पाळण्याखाली ठेवलेला विळा, लेकीच्या गालावरची काजळाची तीट. त्या तिटेला तो हसला होता, पण पुसली मात्र नव्हती. तिथं जाऊन हे नाव घ्यायचं. तृप्ती काय म्हणेल हा प्रश्न नव्हताच. तृप्ती आधी त्याच्याकडे बघेल, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे असेल तेच म्हणेल.

हो म्हणायला एक क्षण लागतो. त्यानं तोंड उघडलं…

शब्द फुटला नाही.

वैजंतानं वाट पाहिली. दोरा दातानं तोडला. झबल्याची घडी घातली, ती टोपड्यावर ठेवली, वरून दुपटं गुंडाळलं. कुणाला काही वाईट वाटू नये अशा हलक्या हातानं तिनं सगळं आवरलं. आणि तेच फार वाईट होतं.

"ऱ्हाऊ द्या, दादा," ती म्हणाली. "लेक सुखी ऱ्हाऊ दे तुमची. काय नाव ठिवलं?"

"अजून… ठेवलं नाही."

"चांगलं ठिवा."

ती उठली. गाठोडं तिनं काखेत नाही घेतलं. छातीशी धरलं, वर पदर घेतला आणि पायऱ्या उतरू लागली. वळणापर्यंत ती दिसत होती, मग दिसेनाशी झाली.

यशोधन ओट्यावर बसून राहिला. त्याला रडू येत होतं आणि रडायचा आपल्याला हक्क आहे की नाही हे कळत नव्हतं.

"आक्का," तो म्हणाला, "तुम्ही मध्ये एक शब्द बोलला नाहीत."

"तिनं मला विचारलं नव्हतं."

"मी तिच्या मुलाचा अपमान केला. मला भीती वाटली, आक्का. खरी भीती. पोरीची."

"वाटणारच. बाप आहेस."

त्यानं चमकून वर पाहिलं. रागावतील, निदान हाकलून तरी देतील, असं त्याला वाटत होतं. आक्कांचे डोळे भरलेले होते.

"तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं?" त्यानं उत्तराची वाट पाहिली नाही. "घरी जाऊन तृप्तीशी बोलतो. समजावतो तिला. सासूबाईंनाही. मनाची तयारी करतो सगळ्यांच्या, आणि मग पुढच्या महिन्यात येतो. तिच्या दारात जातो, रीतसर मागतो. चालेल ना आक्का? पुढच्या महिन्यात नक्की…"

आक्का उठल्या. वाळलेलं लुगडं काढून त्यांनी खांद्यावर टाकलं. मग ओट्याच्या कडेशी जाऊन खालच्या वाटेकडे बघत राहिल्या.

"ती हळू उतरते रे," आक्का म्हणाल्या. "अजून पायथ्याशी पोचली नसेल."