सबब नसलेला कागद

“नव्या हत्तीला बांधायला जागा नाही? मग दप्तरखाना रिकामा करा!” राजे भुजंगरावांनी उभ्या उभ्या हुकूम लिहिला आणि शिक्का उमटवला. “जाळा ती रद्दी!”

ठकूबाईच्या हातातली गाठ सुटली. बावीस वर्षं ती इथले कागद लाल खारव्याच्या रुमालांत बांधत होती. रुमाल जळाले की तिची भाकरीही जळाली!

“रद्दी कशी, सरकार? प्रत्येक कागद कुणीतरी कशासाठी तरी लिहिलाय.”

“असं? मग हे हजार कागद कशाकशासाठी लिहिलेत, त्याप्रमाणे सूर्य मावळायच्या आत वेगवेगळे लावून दाखव. एक जरी चुकला, तर पहिला रुमाल तूच पेटवायचास!”

बखरकार त्रिंबकपंतांना हसू फुटलं. “सरकार, हिला जोडाक्षर धड लागत नाही!”

ठकूबाईने पदर खोचला.

ओसरीवरचं ऊन अजून उतरलं नव्हतं, तोच चार रुमाल बांधून तयार!

“हजार कागद वाचलेस?” राजे थक्क.

“एकही पुरता नाही, सरकार! गाठ मारता मारता एखादा शब्द दिसतो, तेवढा पुरतो. ‘त्यानंतर, त्यानंतर’ दिसलं, की घडलेलं सांगायचंय, ती बखर. ‘येणेप्रमाणे’ आलं, की खाली यादी. ‘आधी हे, मग ते’ असलं, की कुणीतरी शिकवतंय. काढे, लोणची, तोफ डागणं, सगळं त्यात. आणि ‘सबब’ आलं, की हात पुढे आलाच! तो अर्ज.”

राजांनी अर्जांचा रुमाल सोडला आणि त्यांच्या मिश्या ताठ झाल्या. “ही माझ्या वाघाच्या शिकारीची बखर! अर्जांत? चुकलीस! मशाल आणा!”

“शेवटची ओळ वाचावी, सरकार.”

“‘…सबब सेवकास शालजोडी मिळावी.’”

“वाघ पहिल्याच पानावर मेलाय. पुढची एकवीस पानं शालजोडीच्या मागे धावतायत!”

त्रिंबकपंत हळूच खांबाआड सरकले. राजांनी ओठ चावला. मग त्यांची नजर जमिनीवर गेली.

“हा एक राहिला! हरलीस!”

“तो कुठल्याच रुमालात बसेना. त्यात ‘त्यानंतर’ नाही, ‘येणेप्रमाणे’ नाही, ‘सबब’सुद्धा नाही. म्हटलं, कशासाठी लिहिला ते लिहिणाऱ्यालाच विचारावं.”

राजांनी कागद उचलला. त्यांचाच हुकूम! ‘दप्तर जाळावे. जाणिजे.’

ठकूबाईने दौत पुढे केली. “सबब तेवढी घाला, सरकार. ‘हत्तीस ऊन लागते, सबब दप्तर जाळावे.’ मी लगेच चूड लावते. हा एकच कागद मागे ठेवीन, आपल्या पणतवंडांना वाचायला!”

राजांनी मनातल्या मनात ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. आणि असे खदखदून हसले, की पगडी कानावर आली! हुकुमाचे चार तुकडे झाले.

“पंत, तुमच्या अंगणात मोठा मांडव आहे ना? हत्ती तिथे बांधा! आणि ती शालजोडी मागवा.”

पंत खांबाआडून धावत आले. “सेवकासाठी, सरकार?”

“ठकूबाईंसाठी! अर्ज मंजूर आहे, पंत. नाव तेवढं चुकलं होतं!”