मुक्या माश्यांचा पडदा

त्या मुलखात फुलं बारा महिने फुलत. पळस ओसरला की शिरीष, शिरीष झडला की जांभूळ, आणि सगळं सरलं असं वाटे तेव्हा कुठल्या तरी घळीत एखादं झुडूप लगडून येई. त्यामुळे फूल नाही म्हणून कुणी घरी बसलं, असं तिथं होत नसे. कुणी बसलंच, तर त्याचं कारण फुलांवर ढकलता येत नसे.

उभ्या कड्याच्या पोटाला मधमाश्यांचं एक मोठं पोळं लोंबत होतं. माशी ज्या झाडाचा पहिला रस घरी आणेल त्या झाडावरून तिथं तिचं नाव पडायचं. दुसरी रीत नाचाची. बाहेरून आलेल्या माशीनं पोळ्याच्या उन्हाच्या बाजूला नाचून खबर द्यायची. किती वळसे घेतले यावरून अंतर कळे, तोंड कुणीकडे यावरून दिशा, आणि कंबर किती जोरात हलते यावरून रसाची गोडी. नाच पाहून बाकीच्या निघत. तिसरी रीत कुणी बोलून दाखवत नसे, पण पाळत सगळ्या: जी परत आली नाही, तिचं नाव घ्यायचं नाही.

अंजनी आणि पांगारी एकाच सकाळी पहिल्यांदा उडाल्या होत्या. तेव्हापासून पांगारी तिच्या डाव्या अंगाला असे. एका दुपारी दोघी पाण्यावर गेल्या. समोरच्या वाळक्या फांदीवरून माश्या टिपणारा एक वेडा राघू उठला, हवेत एक गिरकी घेतली आणि पुन्हा फांदीवर जाऊन बसला. पांगारी डाव्या अंगाला होती, मग नव्हती.

अंजनीनं पाणी घरी आणलं. दुसऱ्या दिवशी पांगारीच्या जागेवर कुणी दुसरीच बसलेली होती. कुणी काही विचारलं नाही, आणि विचारायचंही नव्हतं.

चौथ्या दिवशी अंजनी शिरीषाच्या फुलावर बसली आणि तिला काहीच कळलं नाही. फूल उमललेलं होतं, रस होता. तिनं तो घेतला. दगडावरचं पाणी प्यावं तसा तो घशाखाली गेला. ती दुसऱ्या फुलावर गेली, मग तिसऱ्या. फुलं तीच होती. फक्त त्यांनी तिला ओळखायचं सोडून दिलं होतं. परतताना पंख इतके जड झाले की वाटेत तिला दोनदा टेकावं लागलं. ज्या पंखांकडे तिनं कधी लक्षही दिलं नव्हतं, त्यांना आता प्रत्येक वेळी विनवावं लागे, आणि तरीही ते अर्ध्यावर सोडून देत. मनात ती म्हणे, खरा दगा पांगारीनं दिला. एक आवाजसुद्धा न करता गेली. आणि हे आपण काय म्हणालो, म्हणून आणखी खचून जाई.

घरी येऊन ती नाचली नाही. कशाची गोडी सांगणार?

पोळ्यातल्या सगळ्या चांगल्याच होत्या. येता-जाता बोलत.

"अंजने, बाहेर ऊन बघ कसलं पडलंय."

"पडलंय खरं."

"मग? अशी पोळ्याला चिकटून काय बसलीस, मेण आहेस का?"

दुसरी म्हणे, "मलाही गेल्या पंधरवड्यात कंटाळा आला होता. मी सरळ उठले आणि जांभळीवर गेले. गेला कंटाळा."

अंजनी मान हलवी. जांभळीवर जाता आलं असतं, तर तो कंटाळाच ठरला असता.

शेवरी मात्र जवळ येऊन बसायची. ती अंजनीपेक्षा चार दिवसांनी मोठी, आणि माशीच्या आयुष्यात चार दिवस पुष्कळ असतात. अंजनीला नाच तिनंच शिकवला होता. तिच्यासारखं नाचणारी पोळ्यात दुसरी नव्हती. ती म्हणाली, "हे बघ, दोन दिवस झाले, तू नाचली नाहीस. तिसरा दिवस गेला की मुकी म्हणतील आणि पडद्यात लावतील. तिथून कुणी परत आलेलं मी पाहिलं नाही."

"माझ्यात काही नाहीच गं. काय नाचू?"

"आत असायला कशाला हवं? पाय हलव, कंबर हलव. मन मागून येतं. मीसुद्धा कितीदा नुसतीच नाचले आहे. कुणाला कळलं?"

"आणि कुठलं झाड सांगू?"

"आठवतं ते सांग. पुढचं माझ्यावर सोड."

त्या दुपारी अंजनी उन्हात गेली आणि नाचली. तिला एकच वाट पूर्ण आठवत होती: डोंगरामागच्या पांगाऱ्याची, दोघींची. तिनं ते वळसे घेतले आणि पूर्वी हलवत असे तशी कंबर हलवली. एवढी बारीक झालेली माशी एवढ्या जोरानं नाचते आहे, तेव्हा मोठंच घबाड असणार, असं सगळ्यांना वाटलं. चाळीस जणी निघाल्या. अंजनी तिथंच बसून वाट पाहत राहिली. मन मागून आलं नाही.

त्या झाडाचा बहर कधीच झडून गेला होता. चाळीस जणी रिकाम्या फांद्यांभोवती फिरल्या, आसपास शोधत राहिल्या, आणि परतताना त्यांना घळीतल्या वाऱ्यानं गाठलं. सदतीस परत आल्या. तिघींची नावं त्या दिवसापासून कुणी घेतली नाहीत.

जाणत्या माश्या जमल्या. अंजनीला मध्ये बसवलं.

"झाड पाहून आली होतीस?"

"नाही."

"मग नाचलीस कशी?"

अंजनीनं शेवरीकडे पाहिलं. शेवरी चार माश्या सोडून बसलेली होती. ती आपल्या पुढच्या पायांवरचे पराग झाडत होती, आणि पराग झाडून संपले तरी झाडत राहिली.

"कुणी सांगितलं होतं का तुला?"

शेवरी आता बोलेल, आता बोलेल, असं अंजनीला वाटत होतं. शेवरी बोलली, पण ते असं: "तिला बरं नाही. मी तिला म्हटलं होतं, आराम कर."

अंजनीला वाटलं होतं की आपल्यातलं सगळं केव्हाच संपलेलं आहे. तसं नव्हतं, एवढं एक उरलं होतं, ते आता गेलं. ती म्हणाली, "कुणी नाही. मीच."

तिला पडद्यात लावलं.

पडदा म्हणजे पोळ्याच्या बाहेरून टांगलेली माश्यांची रांगेखाली रांग. वरची ओळ खडकाला धरायची, तिच्या पायांना खालची, खालचीच्या पायांना आणखी खालची. पंख फाटलेल्या, म्हाताऱ्या, मुक्या, अशा सगळ्यांची ती जागा. आतल्या माश्या पडद्याकडे पाहत नसत. उडताना वाट काढावी लागे तेवढाच संबंध.

अंजनीच्या वर ऐनी नावाची एक जुनी माशी होती. अंगावरची लव झिजून ती काळी तुळतुळीत झालेली. सगळ्या तिला ऐनीअक्का म्हणत.

"धरलंस?" ऐनीअक्कानं विचारलं.

"हो."

"झालं तर."

"आणि काय करायचं?"

"एवढंच. पहिले काही दिवस हेच जास्त होतं." थोड्या वेळानं तिनं विचारलं, "काय मेलंय? पंख की मन?"

"मन."

"माझा पंख. मन होतं का, ते आता आठवत नाही. पण लोंबायला दोन्ही लागत नाहीत."

शेजारची एक लंगडी माशी हसली. अंजनीला हसू आलं नाही, पण कुणी हसलं याचा रागही आला नाही.

पडद्यात तिला कुणी ऊन बघ म्हणालं नाही. पहाटे गारठा असे तेव्हा सगळ्या मिळून अंग थरथरवत आणि ऊब आत सोडत. तिला जमलं तर ती थरथरवी, नाही जमलं तर शेजारची थरथर तिच्यातून पुढे जाई. एका सकाळी तिनं खाली दरीकडे पाहिलं आणि म्हणाली, "अक्का, पाय सोडावेसे वाटतात."

ऐनीअक्का दचकली नाही. "कधीपासून?"

"आल्यापासून."

"बरं केलंस सांगितलंस. आत्ता नको. ऊन अंगावर येऊ दे, मग पुन्हा सांग मला." आणि तिनं आपला पाय अंजनीच्या पायात आणखी एक वेढा घालून अडकवला. शेजारच्या लंगडीला म्हणाली, "तूही जरा इकडून धर हिला."

ऊन अंगावर आलं. ऐनीअक्कानं विचारलं, "आता?"

"वाटतंय अजून."

"मग दुपारी सांग."

असं ती रोज विचारी, दिवसातून तीनदा, आणि अंजनी रोज खरं सांगे. खरं सांगूनही पकड तशीच राहते, हे तिला हळूहळू कळत गेलं. एकदा दुपारी विचारलं तेव्हा तसं वाटतंय का, हे तिला आठवावं लागलं.

त्या वर्षी बहर उतू जात होता. नाचणाऱ्या नाचत होत्या, बाकीच्या भरभरून आणत होत्या, आणि पोळं मधानं फुगत चाललं होतं. उन्हाळ्यानं खडक तापला. एका दुपारी, उडणाऱ्या सगळ्या बाहेर गेलेल्या असताना, खडकाला चिकटलेलं मेण मऊ पडलं. आधी एक बारीक चिरका आवाज आला. मग सगळं पोळं, मधासकट, पडद्याच्या आतून सरकत खाली गेलं.

ते जाताना पडद्याला असा हिसका बसला की अंजनीचा एक पाय निखळतो की काय, असं झालं. वरून ऐनीअक्का म्हणाली, "धरलंस?"

"धरलंय."

राणी पडद्याच्या आतल्या अंगाला चिकटली. कुणीतरी तिला पायांमधून पुढे सारलं आणि माश्या तिच्याभोवती मिटल्या.

संध्याकाळी बाहेरच्या परत आल्या. रस पोटात होता; ठेवायला जागा नव्हती, नाचायला जागा नव्हती. त्या कड्यासमोर भिरभिरत राहिल्या. कितीतरी वेळानं एक जण खाली येऊन अंजनीसमोर थरथरत थांबली. पंख दमलेले होते. ती शेवरी होती.

"अंजने," ती म्हणाली. मग एवढंच: "धरू?"

त्या दिवसाचं काहीच अंजनीच्या मनातून गेलेलं नव्हतं. तिचा एक पाय खाली मोकळा लोंबत होता. तो तिनं पुढे केला नाही, मागेही घेतला नाही.

शेवरीनं तो धरला. शेवरीच्या पायाला दुसरीनं धरलं, तिच्या पायाला तिसरीनं. अंधार पडेपर्यंत भिरभिरणाऱ्या साऱ्या एकेक करून टेकल्या. दरीत मेण आणि मध पसरलेला होता. वर खडकाला, पोळं होतं त्याच जागी, पोळ्याच्याच आकाराचं काहीतरी संथ हलत होतं. त्यात मेणाचा कण नव्हता, मधाचा थेंब नव्हता. नुसते पाय होते, पायांत अडकवलेले.