चिखल वजा केला तर

“मग भेद कुठं आहे, बाबा? दाखवा ना मला!”

केतकी निमकर तालुक्याच्या कोर्टात न्यायाधीश होती. तरुण, हुशार, आणि आपण हुशार आहोत याची खात्री असलेली. निदान दिवसा तरी.

उमेदगिरबाबा मठाच्या पडवीत पंगतीसाठी विळीवर भोपळा चिरत बसले होते.

“कसला भेद?”

“लोक म्हणतात, माझ्या कोर्टात पारध्यांना जास्त शिक्षा होते. मी माझे सगळे निकाल काढून तपासले. चोरी सारखी, आधीचे गुन्हे सारखे, तर शिक्षाही सारखीच. आडनाव काहीही असो.”

“आणि आधीचे गुन्हे धरले नाहीस तर?”

“तर पारध्यांना जास्त दिसते. पण ते धरायलाच हवेत ना! सराईत माणूस आणि पहिल्यांदा चुकलेला माणूस, दोघांना एकच न्याय कसा? तेवढं वजा केलं की भेद उरतच नाही.”

“छान. म्हणजे तू निर्दोष.”

“हो.”

“मग इथं कशाला आलीस?”



“उद्या बिरज्या काळेला शिक्षा सुनावायची आहे. विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरली त्यानं. ते सिद्ध झालंय. पहिलीच वेळ असती तर चांगल्या वागणुकीच्या बाँडवर सोडला असता. पण आधी दोनदा शिक्षा झालीय, म्हणजे तुरुंग. घरी बायको ओली बाळंतीण आहे... माझं नियमानं बरोबर आहे, बाबा. फक्त झोप येत नाही.”

बाबांनी भोपळ्याची फोड पातेल्यात टाकली.

“आमचाही एक नियम आहे. चिखलाचे पाय बाहेर ओट्यावर, स्वच्छ पाय आत पंगतीला. जात आम्ही कुणाला विचारत नाही.”

“चांगला नियम आहे.”

“आत कोण बसलंय, बघ.”

तिनं आत बघितलं. मग बाहेर बघितलं.

“आत गावातली माणसं आहेत. बाहेर बहुतेक पारधी वस्तीवरची.” ती घाईनं म्हणाली, “पण ते चिखलामुळं!”

“अगदी बरोबर. चिखल वजा केला की भेद उरतच नाही.”

...

“गावाच्या वाटेवर साकव आहे,” केतकी हळूच म्हणाली. “मी त्यावरूनच आले. वस्तीच्या वाटेवर?”

“ओढा.”

ती खाली बसली. साडीची पर्वा न करता.

“आधीच्या दोन्ही वेळी बिरज्यानं गुन्हा कबूल केला होता. संशयावरून धरून आणलेला. वकील नाही, जामीन नाही. कबूल केलं की लवकर घरी जाता येतं, म्हणून करतात पुष्कळजण. मला ठाऊक आहे हे... म्हणजे त्याचा सगळा चिखल ओढ्याचाच?”

बाबांनी मान बाहेर वळवली.

“सुधाकर, तू रे कसा ओट्यावर? गिरणी तर तुझी साकवाला लागून!”

“फोनवर बोलत होतो, बाबा. सरळ गटारात!”

शेजारची म्हातारी पारधीण खदखदून हसली. “आमास्नी वढा लागतो, ह्याला रस्त्यावर गटार घावलं! ये बाबा, सरकून बस.”

केतकीलाही हसू आलं. मग ती एकदम थांबली.

“पण मग नुसत्या पायांकडं बघून चिखल कुठला ते कसं ओळखायचं?”

“मला नाही येत.”

“तुम्हालाही नाही?”

“नाही. म्हणून तर त्याला विचारलं.”

“विचारायला लागलं तर उद्यापासून सगळेच ओढा सांगतील!”

“सांगतील काहीजण.”

“आणि माझं चुकलं तर?”

“चुकेल कधी कधी.”

केतकीनं मोठा श्वास सोडला. हे एवढं साधं वाक्य आजवर तिला कुणी ऐकवलं नव्हतं. तिनं स्वतःही नाही.

बाबा उठले. पत्रावळींचा गठ्ठा त्यांनी काखेत मारला आणि आतल्या पंगतीकडं न जाता ते ओट्याकडं निघाले. उंबऱ्यापाशी मात्र थांबले.

“शिक्षा लिहून टाकलीस?”

“नाही अजून. उद्या लिहायची आहे.”

“मग सुटलीस, पोरी. विचारायला अजून वेळ आहे.”